कांदा स्वस्त, मजुरी त्याहून स्वस्त

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात देशातील किरकोळ महागाईचा दर अवघा ०.२५ टक्के होता. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून काढल्या गेलेल्या मालिकेतील तो नीचांक. खाद्यपदार्थांची महागाई तर शून्याखाली, उणे ५.०२ टक्क्यांवर उतरली होती आणि भाज्या वर्षभरापूर्वीच्या तुलनेत २७ टक्क्यांहून अधिक स्वस्त झाल्या होत्या. अर्थ मंत्रालयाने समाधानाचा सुस्कारा सोडावा आणि रिझर्व्ह बँकेला व्याजदर कपातीचा रस्ता मोकळा दिसावा, असेच हे चित्र होते. त्याच सुमारास लासलगावच्या बाजार समितीत कांदा क्विंटलमागे हजार रुपयांच्या आसपास घुटमळत होता आणि उत्पादनखर्च निघत नाही म्हणून नाशिक जिल्ह्यातील शेतकरी हवालदिल झाला होता. राजधानीतील आकडा आणि लासलगावातील भाव या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पण या नाण्याची कडा फारशी कुणी पाहत नाही. ती कडा म्हणजे मजुरी.

नेमक्या एक वर्ष आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, चित्र उलटे होते. महागाई ६.२१ टक्के, खाद्यपदार्थांची महागाई १०.८७ टक्के आणि भाज्यांची तब्बल ४२ टक्के. म्हणजे बारा महिन्यांत भाजीच्या टोपलीने आकाशही पाहिले आणि पाताळही. महागाईचा दर खाली येणे आणि वस्तू स्वस्त होणे यांतला फरक सरकारी निवेदनांत नेहमीच पुसट होतो. भाज्या आणि डाळी खरोखरच उतरल्या. खाद्यतेल मात्र २०२५ च्या त्याच ऑक्टोबरात वर्षभरापूर्वीपेक्षा ११ टक्क्यांनी महाग होते. घरभाडे, शाळेची फी, डॉक्टरची तपासणी आणि बसचे तिकीट एकदा चढले की सहसा उतरत नाहीत. सरासरीच्या आकड्यात ही चढ-उतार एकमेकींत मिसळून जाते. महिन्याकाठी बांधलेल्या रकमेत घर चालवणाऱ्या कुटुंबाला मात्र महाग महिन्यात घेतलेली उधारी स्वस्त महिन्यात फेडावी लागते.

दिल्लीला कांद्याची भीती वाटते, आणि ती निराधार नाही. १९९८ च्या नोव्हेंबरात कांद्याच्या भावाने दिल्लीतील भाजपचे सरकार घालवले. सुषमा स्वराज यांना मुख्यमंत्रिपदावर जेमतेम काही आठवडे झाले होते. त्याआधी १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याच्या भावाचा प्रचारात पुरेपूर वापर केला होता. तेव्हापासून राजधानीत सत्ता कुणाचीही असो, आझादपूर मंडीत कांदा चढू लागला की कृषी भवनातील दिवे रात्री उशिरापर्यंत जळतात. २०२४ च्या ऑक्टोबरात तर लासलगावहून सोळाशे टन कांदा घेऊन एक खास रेल्वेगाडी दिल्लीच्या किशनगंज स्थानकात आली. ‘कांदा एक्स्प्रेस’ हे तिचे नाव. किलोला ३५ रुपये दराने तो विकला गेला आणि राजधानीतील अनेक मराठी घरांत त्या नावाने थोडी करमणूकही झाली असेल. शहरी ग्राहकाला दिलासा देण्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो या दिलाशाचे बिल कुणाच्या नावे फाटते हा.

ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले. डिसेंबर २०२३ मध्ये थेट निर्यातबंदी आली. नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांतले लिलाव बंद पडले. ही बंदी मार्चअखेर उठायची होती, ती बेमुदत झाली आणि लोकसभा निवडणुकीचे मतदान सुरू असताना, ४ मे २०२४ रोजी, उठली. तीही टनामागे ५५० डॉलरचे किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क कायम ठेवूनच. सप्टेंबर २०२४ मध्ये, राज्यातील विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, किमान मूल्य गेले आणि शुल्क निम्म्यावर आले. उरलेले २० टक्के १ एप्रिल २०२५ ला संपले. दिंडोरीच्या मतदारांनी जून २०२४ मध्ये आपला हिशेब मांडला होता. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार तेथून पराभूत झाल्या. मात्र तोवर रब्बीचा कांदा, जो मार्च ते मे या काळात निघतो आणि पुढे पाच-सहा महिने चाळीत साठवून देशाला पुरवला जातो, त्याचा परदेशातील गिऱ्हाईक दुसरीकडे वळला होता. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की ग्राहकाने कांद्यासाठी मोजलेल्या रुपयातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. म्हणजे भाव पाडायचा ठरवला, तर सरकार पाडते ते या ३६ पैशांना. उरलेल्या ६४ पैशांना, आडत, वाहतूक, नासाडी आणि किरकोळ विक्रेत्याचा नफा यांना, हात घालणे कष्टाचे आणि वेळखाऊ काम असते. अधिसूचना एका संध्याकाळी निघते.

महागाईला तोंड देण्याचे दोन मार्ग आहेत. वस्तूचा भाव खाली आणणे हा एक. विकत घेणाऱ्याचे उत्पन्न भावाबरोबर वर नेणे हा दुसरा. या देशाच्या राज्यकर्त्यांना दुसरा मार्ग ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही. तो त्यांनी सुमारे आठ दशके वापरला आहे, पण निवडक लोकांसाठी.

या मार्गाचा उगम योगायोगाने मुंबईत सापडतो. मुंबई इलाख्याचे श्रम कार्यालय १९२१ मध्ये स्थापन झाले आणि त्याने मुंबईच्या कामगारवर्गाच्या राहणी खर्चाचा निर्देशांक प्रसिद्ध करायला सुरुवात केली. दुसरे महायुद्ध सुरू होताच धान्य आणि कापड महागले, तेव्हा मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी चाळीस दिवसांचा संप केला. निर्देशांक चढला की पगार चढला पाहिजे, हा आज सरकारी नोकरीत गृहीत धरलेला हक्क गिरणगावाने भांडून मिळवलेला आहे. आज सिमल्याचे श्रम ब्युरो देशातील ८८ औद्योगिक केंद्रांतून भाव गोळा करून औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक काढते आणि त्याच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जानेवारीत आणि जुलैत ठरतो. गंमत अशी की निर्देशांक ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या औद्योगिक कामगारापेक्षा मंत्रालयातला कर्मचारी त्याची वाट अधिक आतुरतेने पाहतो. गिरण्या तर कधीच्याच बंद झाल्या.

या भत्त्याबद्दल सरकारी कर्मचाऱ्याचा हेवा करण्याचे कारण नाही. त्यामागील गणित सुसंस्कृत आहे. जुलै १९५७ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाची फूटपट्टी ठरवली. कमावत्या माणसाच्या घरात तीन उपभोग घटक, प्रत्येकाला डॉ. वॉलेस एक्रॉइड यांच्या आहारसूत्राप्रमाणे २७०० कॅलरी, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, शिवाय घरभाडे आणि इंधन-दिवाबत्तीसाठी वीस टक्के. १९९१ मध्ये रेप्टाकॉस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार आणि म्हातारपणाची तरतूद यांसाठी आणखी पंचवीस टक्क्यांची भर घातली. सातव्या वेतन आयोगाने याच फूटपट्टीने, सिमल्याहून आलेले तांदूळ, डाळ, भाजी, दूध, तेल यांचे भाव मांडून, केंद्राच्या कनिष्ठतम कर्मचाऱ्याचे मूळ वेतन १८,००० रुपये ठरवले. १ जुलै २०२५ पासून लागू झालेला ५८ टक्के महागाई भत्ता धरला तर ते २८,४४० होते. घरभाडे भत्ता त्याच्या वर.

मात्र हीच फूटपट्टी श्रम परिषदेने बनवली होती ती कारखान्यातल्या कामगारासाठी. त्याच्या वाट्याला काय आले? केंद्र सरकारने १९९६ मध्ये दिवसाला ३५ रुपयांपासून ‘राष्ट्रीय किमान वेतनस्तर’ नावाची एक मार्गदर्शक रेषा आखली. देशात कुठेही, कोणत्याही कामाला यापेक्षा कमी मजुरी नसावी, ही तिच्यामागची भूमिका. ही रेषा २०११ मध्ये ११५, २०१३ मध्ये १३७, २०१५ मध्ये १६० आणि १ जून २०१७ रोजी १७६ रुपयांवर आली. तिथे ती थांबली. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी वेतन संहिता अमलात आली तेव्हाही आकडा १७६ च होता. त्या जून २०१७ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता ४ टक्के होता, तो पुढे ५८ झाला. मजुराच्या १७६ रुपयांना केवळ तेवढाच वेग दिला असता तरी ते सुमारे २६७ रुपये झाले असते. नवी फूटपट्टी, नवा आयोग, नवी कृपा काहीही नको होती. सिमल्याहून दर महिन्याला येणारा तोच कागद मजुराच्या फाइलला जोडला असता तर पुरे होते.

यावर एक उत्तर तयार असते, आणि ते अगदीच पोकळ नाही. राष्ट्रीय स्तर हा केवळ सल्ला होता. राज्यांची आणि केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांची किमान वेतने त्याहून कितीतरी वर आहेत आणि त्यांना एप्रिल-ऑक्टोबरला परिवर्तनीय महागाई भत्ताही जोडलेला आहे. दिल्लीत १ ऑक्टोबर २०२४ पासून अकुशल कामगाराचे किमान वेतन महिन्याला १८,०६६ रुपये होते. केंद्राच्या अखत्यारीत बांधकाम, साफसफाई, हमाली करणाऱ्या अकुशल कामगाराला तेव्हा मोठ्या शहरांत दिवसाला ७८३ रुपये. कागदावर हे आकडे भक्कम आहेत. पण कागदाबाहेर? सहाव्या वेतन आयोगानंतर ‘गट ड’ मोडीत निघाला आणि मंत्रालयांतील झाडलोट, पहारा, टपाल-वाटप ही कामे कंत्राटदारांकडे गेली. एकाच व्हरांड्यात बसणाऱ्या दोन माणसांपैकी एकाच्या पगारात जुलैची वाढ फरकासह जमा होते. दुसऱ्याला ती मिळते की नाही हे कंत्राटाच्या निविदेत काय लिहिले होते आणि कंत्राटदार त्याच्या बँक खात्यातून काय परत मागतो यावर ठरते. व्हरांड्याच्या बाहेर तर निर्देशांकाचे राज्य संपतेच. दुकानातला नोकर, ढाब्यावरचा मुलगा, रोजंदारीवरचा चालक, आटपाडी-खानापूरकडून येऊन दिल्लीच्या सराफ बाजारात सोन्याच्या गलाईवर हात बसवणारा तरुण, यांची पगारवाढ मालकाच्या मनावर आणि धंद्याच्या बरकतीवर असते. गावाकडचा मालक असला तर दिवाळीला कपडे मिळतात. महागाई भत्ता हा शब्द त्या व्यवहारात नसतो.

आणि घरकाम करणारी बाई? महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा तरी केला. दिल्लीच्या अनुसूचित रोजगारांच्या जुन्या यादीत घरकामाला जागाच नव्हती. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करण्यास केंद्राला समिती नेमायला सांगितले. कायदा येईल तेव्हा येईल. पण इथे सरकार हा मालक नाही, सरकारी अधिकारी आहे. रामकृष्णपुरम असो वा सरोजिनीनगर, सरकारी वसाहतीतील ज्या घरात वर्षातून दोनदा महागाई भत्त्याची घोषणा मोबाइलवर वाचली जाते, त्याच घरात भांडी घासणाऱ्या बाईच्या पगारवाढीचा विषय तिनेच संकोचत काढावा लागतो. दोघींच्या स्वयंपाकघरात तेल मात्र एकाच भावाचे असते.

हे चित्र केवळ दिल्लीच्या वसाहतींपुरते नाही. सरकारच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालाने मान्य केले आहे की महागाई वजा जाता पगारदार पुरुषाची सरासरी मासिक कमाई २०१७-१८ मध्ये १२,६६५ रुपये होती, ती २०२३-२४ मध्ये ११,८५८ झाली. स्वयंरोजगार करणाऱ्या पुरुषाची ९,४५४ वरून ८,५९१ वर घसरली. सहा वर्षे काम करून माणूस मागे गेला. मधे करोनाची साथ होती हे खरे, पण साथ ओसरल्यानंतर कंपन्यांचे नफे सावरले, करसंकलन सावरले. कमाई तेवढी सावरली नाही.

मोफत धान्याचा दाखला इथे हमखास दिला जातो. ८१ कोटींहून अधिक लोकांना माणशी पाच किलो धान्य मोफत देण्याची योजना जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी वाढवली गेली आणि उपासमार टाळण्यात तिचा वाटा कुणी नाकारू नये. तथापि २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीत शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चातील धान्याचा वाटा साडेचार टक्के निघाला. एकूण खाद्यपदार्थांचा ३९ टक्के. म्हणजे तांदूळ-गव्हापलीकडचे दूध, भाजी, डाळ, तेल, फळे, अंडी हे सारे बाजारातूनच यायचे आहे, आणि महागाईचे वादळ घोंघावते ते तिथेच. त्याच पाहणीत तळाच्या पाच टक्के शहरी लोकांचा माणशी मासिक खर्च २,००१ रुपये होता. या रकमेतून डाळ किती शिजते हे कुणीही हिशेब करून पाहावे. शिवाय लाभार्थ्यांची संख्या आजही २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही सोय ज्याच्याकडे शिधापत्रिका आहे त्याला. जो गावच्या पत्रिकेतून नाव कमी करून शहरात आला आणि शहरात ज्याचे नाव चढलेच नाही, त्याला ती नाही.

मजुरी वाढवली तर वस्तू महागतील, लहान धंदे बंद पडतील, हा आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागेल. सराफ बाजारातील दोन भट्ट्यांचा गलाई व्यावसायिक काही उद्योगपती नाही. त्याच्याही घरभाड्याला निर्देशांक नसतो. पण इथे मागणी मजुरी दुप्पट करण्याची नाही. महागाईने जेवढी कुरतडली तेवढी भरून काढण्याची आहे. तेवढीही न परवडणारा धंदा कामगाराच्या ताटातून भांडवल घेऊन चालतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि मजुरीवाढीने भाव चढतात ही भीती खरी असेल तर ती केंद्राच्या सुमारे पन्नास लाख कर्मचाऱ्यांच्या भत्त्यालाही लागू व्हायला हवी. तिथे ती कुणी बोलून दाखवत नाही, आणि दाखवू नयेच.

एकदा ती वेळ सरकारी कर्मचाऱ्यांवरही आली होती. करोनाकाळात जानेवारी २०२० पासून महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले गेले. जुलै २०२१ मध्ये भत्ता १७ वरून एकदम २८ टक्के झाला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. ती सल सरकारी वसाहतींत अजून बोलली जाते, संघटनांच्या निवेदनांत दर वर्षी उगवते. भाव चढत असताना पगार जागच्या जागी राहिला तर घरात काय होते, याचा तो अठरा महिन्यांचा अनुभव होता. देशातील बहुसंख्य श्रमिक कायमचे त्या अठरा महिन्यांत राहतात.

१९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरोधात बायकांना रस्त्यावर आणले, लाटणी आणि थाळ्या घेऊन. त्या मोर्चांत गिरणगावातली बाई होती तशी दादर-गिरगावातली कारकुनाची बायकोही होती. पुढे १९७७ मध्ये त्या दोघीही लोकसभेत निवडून आल्या. असे मोर्चे आता निघत नाहीत, याचे कारण महागाई संपली हे नव्हे. कारकुनाच्या घराला भत्त्याचे कवच मिळाले, अगदी तळच्या घराला धान्याची पिशवी मिळाली आणि या दोहोंच्या मधला, ज्याला दोन्हीही पुरेसे नाही, तो पांगलेला आणि परप्रांतात मतदार यादीबाहेर राहिलेला. त्यामुळे महागाईचे राजकारण उरले ते कांद्याच्या भावापुरते, आणि कांद्याचा भाव पाडणे हा सर्वांत स्वस्त उपाय; त्यासाठी तिजोरीतून एक रुपयाही द्यावा लागत नाही. चांदवड-येवल्यातील शेतकऱ्याच्या मुलाला मग शेती परवडत नाही. तो चाकणला, सुरतेला, दिल्लीला मजुरीसाठी येतो आणि इथे त्याला मिळते ती निर्देशांक नसलेली मजुरी. वडिलांच्या कांद्याचा भाव कमी ठेवण्याचे समर्थन शहरातल्या गरिबाच्या नावाने केले जाते, आणि तो गरीब पुष्कळदा त्यांचाच मुलगा असतो.

आठव्या वेतन आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये ठरली असून सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई त्याच्या अध्यक्ष आहेत. अठरा महिन्यांच्या मुदतीत आयोगाला वेतनाचा नवा हिशेब मांडायचा आहे. कर्मचारी संघटना १९५७ च्या सूत्राचाच आधार घेतील, आणि ते रास्त आहे. मजुरासाठी असा आयोग बसत नाही. त्याच्यासाठी वेतन संहितेचे नववे कलम आहे, ज्यानुसार केंद्राने ठरवलेल्या किमान स्तराखाली कोणत्याही राज्याला जाता येणार नाही. सल्ला आता कायदा झाला आहे. त्या कलमात कोणता आकडा भरायचा यासाठी नव्या अभ्यासाची गरज नाही. अनुप सत्पथी समितीने २०१९ मध्येच २४०० कॅलरी, ५० ग्रॅम प्रथिने आणि ३० ग्रॅम स्निग्धांश यांचा आहार धरून दिवसाला ३७५ रुपये सुचवले होते, शहरांत घरभाड्यापोटी आणखी ५५ रुपयांपर्यंत. तो हिशेब जुलै २०१८ च्या भावांचा. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या महागाई भत्त्याचाच वेग त्याला लावला तर जुलै २०२५ मध्ये ते ३७५ रुपये ढोबळमानाने ५४३ होतात.